परिचारिकेची परीक्षा कोणाच्या नावावर?

इन्सुलिनची बाटली आपल्याकडे दोन ताकदींत मिळते. एका मिलिलिटरला 40 युनिट, नाहीतर एका मिलिलिटरला 100 युनिट. सिरिंजाही दोन: चाळिसाची लाल टोपणाची, शंभराची नारिंगी. रात्रपाळीत बाटली शंभराची निघाली आणि ट्रेमध्ये सिरिंज लाल टोपणाची असली, तर वीसच्या रेघेपर्यंत भरलेल्या औषधातून रुग्णाच्या अंगात 50 युनिट जातात. ऑर्डर वीस युनिटांची, डोस अडीच पट. रुग्ण झोपलाय असे समजून पहाटेपर्यंत त्याला कोणी हलवून पाहिले नाही, तर पुढचे सांगायला नको.

नर्सिंगच्या लेखी पेपरात इन्सुलिनचे प्रकार विचारले जातात आणि पाठांतरावर त्याचे मार्क मिळतात. पण दोन्ही बाटल्या आणि दोन्ही सिरिंजा समोर मांडून ‘वीस युनिट भरून दाखव’ असे शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलीला एकदा तरी सांगितले गेले का? याची खात्री आज कोणीच देऊ शकत नाही. कॉलेज देत नाही, परीक्षा घेणारे विद्यापीठ देत नाही, नोंदणी करणारे कौन्सिलही देत नाही. पदवी किंवा पदविकेनंतर परिचारिकांसाठी वेगळी परवाना परीक्षा असावी का, हा वाद अधूनमधून उठतो तो यामुळे. 2023 मध्ये संसदेने 1947 च्या जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा आणला, तेव्हापासून तो जास्त जोराने होतो आहे. दोन्ही बाजूंकडे वजनदार मुद्दे आहेत आणि ते घाईने निकालात काढण्यासारखे नाहीत.

आजची पद्धत आधी पाहू. जीएनएम पदविकेची मुलगी तीन वर्षे शिकते आणि राज्याच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची परीक्षा देते. बीएस्सी नर्सिंगची मुलगी चार वर्षे शिकते, तिची परीक्षा नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. मुलगेही शिकतात, वॉर्डात त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात. पास झाले की गुणपत्रिका आणि फी घेऊन 1966 च्या कायद्याखाली चालणाऱ्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे अर्ज करायचा. कागद नीट असले की नोंदणी होते आणि नावापुढे आरएनआरएम लागते. दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी अधूनमधून सीएनईच्या, म्हणजे निरंतर नर्सिंग शिक्षणाच्या, कार्यशाळा. कॉलेजच्या बाहेरच्या, तिला न ओळखणाऱ्या कोणी तिचे काम पाहून ‘हिच्या हाती रुग्ण द्यायला हरकत नाही’ असे म्हणण्याची पायरी या सगळ्यात जवळपास नाही. प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक येतात, हे खरे. पण एका दिवसात किती मुलींना पाहायचे आणि संध्याकाळची गाडी कधी पकडायची, हे ज्यांनी ती परीक्षा दिली आहे त्यांना विचारावे.

हीच मुलगी परदेशात जायचे म्हणाली की चित्र पार बदलते. अमेरिकेसाठी तिला एनक्लेक्स द्यावी लागते. तिथे संगणक तिच्या प्रत्येक उत्तरावरून पुढचा प्रश्न सोपा द्यायचा की अवघड ते ठरवतो, आणि 2023 पासून तर एका रुग्णाचा पूर्ण तपशील देऊन ‘आता आधी काय कराल’ असे एकापाठोपाठ एक विचारले जाते. ब्रिटनला जायचे तर आधी संगणकावरची परीक्षा, मग तिकडे जाऊन ऑस्की. त्यात पुतळ्यासमोर किंवा रुग्णाचे काम करणाऱ्या माणसासमोर उभे राहून हात धुण्यापासून औषध देण्यापर्यंत सगळे करून दाखवायचे. दुबई, अबू धाबी, सौदी, सगळीकडे आपापली परीक्षा आहे. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यातही परिचारिका आहेत. तिथेही भाषेची परीक्षा आणि आपल्या शिक्षणाची पडताळणी चुकत नाही. थोडक्यात, लंडनच्या आजोबांना हात लावण्याआधी जिची पारख होते, तिची गडचिरोलीच्या आजोबांसाठी होत नाही. परवाना परीक्षेच्या बाजूचा माझ्या मते सर्वांत मोठा मुद्दा हाच. आपल्या रुग्णाची किंमत कमी का धरायची?

दुसरा मुद्दा कॉलेजांचा. मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांच्या मान्यतेचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सीबीआयला राज्यातली कॉलेजे तपासायला लावली. अनेक कॉलेजे निकषांत बसत नव्हती, आणि 2024 मध्ये तर कॉलेज योग्य असल्याचा अहवाल देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून तपास करणाऱ्या सीबीआयच्याच अधिकाऱ्यांना अटक झाली. ज्यांच्या परीक्षा या गोंधळात वर्षानुवर्षे लटकल्या, त्या मुलींचा यात काय दोष? महाराष्ट्रात सगळे असेच आहे असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे सरकारी आणि जुन्या ट्रस्ट रुग्णालयांची शिक्षणाची परंपरा भक्कम आहे. रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनाने विधवा, परित्यक्ता बायकांना नर्सिंगला पाठवले तेव्हापासूनची ती परंपरा. पण कागदावर शंभर खाटांचे रुग्णालय आणि प्रत्यक्ष वॉर्डात पाच-सहा रुग्ण, हा प्रकार फक्त नर्मदेपलीकडे होतो असे समजण्याचेही कारण नाही. तपासणीच्या दिवशी खाटा भरतात आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या होतात, ही कुजबुज या क्षेत्रात वावरणाऱ्या कोणालाही नवी नाही. अशा ठिकाणी शिकलेल्या मुलीने तीन वर्षांत कॅथेटर कितीदा घातला असेल? लॉगबुकात सह्या पूर्ण असतात. शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत झालेल्या असतात. बाहेरची, सगळ्यांना सारखी परीक्षा असेल तर हे झाकलेले राहणार नाही, असे परीक्षावाले म्हणतात, आणि ते पटते.

आता दुसऱ्या बाजूला उभे राहून पाहू.

परीक्षा आली की क्लास येतो. याला पुरावा शोधायची गरज नाही. एमबीबीएसचे इंटर्न पीजीच्या तयारीसाठी वॉर्ड सोडून लायब्ररीत बसतात, ही तक्रार प्रत्येक वैद्यकीय कॉलेजात ऐकू येते. एम्सची नॉरसेट ही भरती परीक्षा आणि राज्याची सरळसेवा भरती यांची तयारी करून घेणारी अ‍ॅप्स नर्सिंगच्या मुलींच्या मोबाइलमध्ये आजच आहेत. परवानाच एमसीक्यूवर ठरणार म्हटल्यावर शेवटची दोन वर्षे क्लिनिकल पोस्टिंगमध्ये किती मुली मन लावतील? जी मुलगी सकाळी साडेसातला ओव्हर घेताना सिस्टरच्या मागे उभी राहून प्रत्येक खाटेवरच्या माणसाची रात्र कशी गेली ते ऐकते, ती खरी शिकते. ते सोडून ती प्रश्नसंच सोडवत बसली, तर परीक्षेने सुधारण्याऐवजी बिघडवले असे होईल. वकिलांचा दाखला इथे उपयोगी आहे. 2011 पासून त्यांना ऑल इंडिया बार परीक्षा आहे आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती वैधही ठरवली. पण त्या परीक्षेमुळे लॉ कॉलेजांतले शिकवणे सुधारले, असे कोर्टाच्या आवारात कोणाकडून ऐकायला मिळत नाही. डॉक्टरांसाठीची नेक्स्ट ही परवाना परीक्षा 2019 च्या कायद्यात आहे. 2023 मध्ये ती पुढे ढकलावी लागली. देशभर एकसारखी परीक्षा नीट घेणे हे कायदा करण्यापेक्षा किती तरी अवघड काम आहे.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. जीएनएमला येणाऱ्या पुष्कळ मुली मराठी माध्यमाच्या असतात: नंदुरबार, हिंगोली, यवतमाळ, रत्नागिरीच्या आतल्या गावांच्या. पुस्तके इंग्रजी, औषधांची नावे इंग्रजी, चार्ट इंग्रजी. हे त्यांना शिकावेच लागते आणि त्या शिकतात. पण इंग्रजीतला गुंतागुंतीचा, चार ओळींचा प्रश्न दीड मिनिटात वाचून पर्याय निवडणे ही परीक्षा नर्सिंगची कमी आणि इंग्रजीची जास्त होते. उलट, ‘जीव घाबरा होतोय गं’ असे म्हणणाऱ्या साठीच्या मधुमेही बाईला पित्ताची गोळी देऊन झोपवायचे नसते. तिची नाडी आणि बीपी बघून, ईसीजीसाठी डॉक्टरांना लगेच बोलवायचे असते, कारण मधुमेह्यांचा हृदयविकार छातीत न दुखताही येतो. हे गावच्या मुलीला चटकन कळते. रुग्णाच्या या बोलीला मात्र कुठल्याही इंग्रजी प्रश्नपत्रिकेत जागा नाही.

तिसरी हरकत मला सगळ्यांत जड वाटते. नोंदणी झालेल्या मुलींचीच आणखी एक परीक्षा घेताना, ज्यांची नोंदणीच नाही त्यांचे काय? तालुक्याच्या कितीतरी नर्सिंग होममध्ये ‘सिस्टर’ म्हणून काम करणाऱ्या मुली बारावी झालेल्या, डॉक्टरांच्या हाताखाली सहा महिने राहून इंजेक्शन द्यायला शिकलेल्या असतात. 1949 च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यातही पात्र परिचारिकेची अट आहे, पण ती पाळली जाते का हे पाहायला कोण जाते? त्या मुलींचाही दोष नाही. घर चालवण्यासाठी त्या राबतात. पण तीन वर्षे शिकलेल्या मुलीला परीक्षेने अडवून ठेवायचे आणि तिच्या जागेवर न शिकलेली मुलगी कमी पगारात बिनधास्त इन्सुलिन टोचत राहील, असे झाले तर रुग्णाचे भले कसे होणार? पगाराचेही तेच. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान 20,000 रुपये मिळावेत असे सांगितले. इतक्या वर्षांनंतरही लहान शहरांत तो आकडा गाठणारी रुग्णालये शोधावी लागतात. परीक्षा वाढवायची आणि पगार आहे तिथेच ठेवायचा, याला न्याय म्हणता येत नाही. देशात हजार लोकांमागे तीन परिचारिका हव्यात असे म्हणतात, आपल्याकडे जेमतेम दोन आहेत. त्यातल्या शेकडोंना एका परीक्षेच्या निकालाने घरी बसवण्याआधी दहा वेळा विचार करायला हवा.

आणि काही गोष्टी परीक्षेत मावतच नाहीत. परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांची कथा महाराष्ट्राला माहीत आहे. 1973 च्या हल्ल्यानंतर 2015 मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. पिढ्या बदलल्या, सिस्टर रिटायर झाल्या, नव्या आल्या, पण त्यांच्या अंगावर बेडसोअर होऊ दिला नाही. 2011 च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने या परिचारिकांचे मनापासून कौतुक केले. बेडसोअरच्या पायऱ्या किती, हे पेपरात कोणीही लिहील. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीची एकही सुरकुती राहू द्यायची नाही, टाच आणि माकडहाडाजवळची कातडी रोज बोट लावून पाहायची, आणि हे चाळीस वर्षे करायचे, हे शिक्षण सिनियर सिस्टरने ज्युनियर सिस्टरला दिलेले असते. परीक्षाविरोधक केईएमचे नाव घेतात तेव्हा त्यांचे म्हणणे खोटे नसते.

मग काय करावे? माझे मत परीक्षेच्या बाजूने आहे. क्लासचे भय, भाषेची अडचण, नोंदणी नसलेल्यांचा प्रश्न हे सगळे खरे असूनही, शिकवणाऱ्यानेच पास करायचे आणि कौन्सिलने नुसते कागद बघून नोंदवायचे ही व्यवस्था मला रुग्णाच्या दृष्टीने धोक्याची वाटते. पोटॅशियम क्लोराइडची अँप्युल ड्रिपमध्ये न मिसळता थेट शिरेत सोडली तर हृदय बंद पडते. हे जिला ठाऊक नाही, तिला नोंदणी मिळता कामा नये, मग तिचे कॉलेज कितीही मोठे असो आणि घरची परिस्थिती कितीही बिकट असो. त्या मुलीबद्दल मला वाईट वाटेल, पण खाटेवरच्या माणसाबद्दल त्याहून जास्त वाटेल.

पण परीक्षा कशी आणि पहिल्यांदा ती कोणाला लागू, यावर मी परीक्षावाल्यांशी सहमत नाही. पहिली तीन वर्षे परीक्षा सगळ्यांनी द्यावी, निकाल मात्र कॉलेजच्या नावावर मोजावा. म्हणजे मुलीची नोंदणी आजच्यासारखीच होईल, पण तिच्या बॅचमधल्या किती जणी पास झाल्या, कुठल्या कौशल्यात घसरल्या, हे कॉलेजच्या नावासह जाहीर होईल. दोन वर्षे ओळीने ज्या कॉलेजचा निकाल तळाला राहील, त्याच्या जागा कमी कराव्यात, तिसऱ्या वर्षी मान्यता काढावी आणि तिथल्या मुलींना जवळच्या सरकारी संस्थेत सामावून घ्यावे. त्यानंतरच परीक्षा मुलींच्या परवान्याला जोडावी. ज्या कॉलेजने कॅथेटर घालायला शिकवलेच नाही, त्याची शिक्षा आधी मुलीने भोगायची, हे मला मान्य नाही. तिने फी भरली, हॉस्टेलचे पाणी प्यायले, तीन वर्षे नाइट केल्या. तिच्या बापाने शेतीवर कर्ज काढले. पहिला जाब शिकवणाऱ्यालाच विचारला गेला पाहिजे.

यावर एक रास्त आक्षेप येईल: परवान्याशी संबंध नसलेली परीक्षा मुली गंभीरपणे घेणार नाहीत, मग कॉलेजचा निकाल तरी खरा कसा निघेल? उपाय आहे. राज्याच्या सरळसेवा भरतीत आज मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमापन यांच्यावर बरेच मार्क असतात. त्यातला ठळक हिस्सा या परीक्षेच्या गुणांना द्यावा. सरकारी नोकरीसाठी जीव टाकणाऱ्या मुली ती मनापासून देतील, आणि अधिपरिचारिकेच्या भरतीत नर्सिंगलाच महत्त्व मिळेल.

परीक्षेचे निम्मे मार्क हाताच्या कामाला असावेत. त्यासाठी जिल्हा रुग्णालयांची आणि सरकारी नर्सिंग कॉलेजांची स्किल लॅब वापरता येईल. पुतळे आहेत, उपकरणे आहेत, कमी आहे ती परीक्षकांची. तिथे निवृत्त परिसेविका आणि अधिसेविका बोलवाव्यात. तीस-तीस वर्षे वॉर्ड सांभाळलेल्या या बायकांना कोण खरेच शिकले आहे आणि कोण नुसते पाठ करून आले आहे, हे पाच मिनिटांत कळते. पाचशे मिलिलिटर सलाइन आठ तासांत द्यायचे आहे, सेट मिलिलिटरला वीस थेंबांचा आहे. मिनिटाला किती थेंब? उत्तर 21. गणित वहीत न मांडता, रोलर फिरवून, घड्याळाकडे बघत थेंब मोजून दाखवायचे. लेखी भाग मराठीतही उपलब्ध हवा, औषधांची आणि उपकरणांची नावे इंग्रजीत ठेवून. इतर राज्यांनी आपापल्या भाषांत तेच करावे.

आणि परीक्षेच्या आधी किंवा निदान सोबत, नोंदणी नसलेल्या ‘सिस्टरां’चा प्रश्न हाती घ्यावा लागेल. नर्सिंग होमच्या नूतनीकरणाच्या वेळी तिथल्या प्रत्येक परिचारिकेचा नोंदणी क्रमांक मागावा आणि कौन्सिलच्या यादीशी ताडून पाहावा. परिचारिकांसाठी राष्ट्रीय पातळीवर नोंदणीची ऑनलाइन व्यवस्था आता आहे. क्रमांक खरा की खोटा हे बसल्या जागी कळू शकते. अनेक वर्षे काम केलेल्या, न शिकलेल्या मुलींना एकदम रस्त्यावर आणू नये, त्यांना एएनएमच्या अभ्यासक्रमाचा मार्ग खुला करावा. पण तोपर्यंत त्यांनी इन्सुलिन आणि पोटॅशियम हातात घेऊ नये.

शेवटच्या वर्षाच्या मुलींना एवढेच सांगावेसे वाटते की या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. लॉगबुकात सही घेण्याआधी ते काम स्वतःच्या हाताने किमान तीनदा करा. सिस्टरने कंटाळून ‘नंतर बघू’ म्हटले तर पुन्हा विचारा. नोंदणी झाली की रात्री तीन वाजता वॉर्डात तुम्ही एकट्या असाल, आणि तिथे पर्याय अ, ब, क, ड समोर नसतात.

सरकारला, मंडळाला आणि विद्यापीठाला तोवर मागणी एकच, आणि तिच्यासाठी नव्या कायद्याची, नव्या आयोगाची, नव्या परीक्षेची गरज नाही. प्रत्येक नर्सिंग कॉलेजचा गेल्या पाच वर्षांचा निकाल, तिथल्या रुग्णालयातल्या भरलेल्या खाटांची सरासरी आणि शिकवणाऱ्या शिक्षिकांची नावे प्रवेशाच्या आधी एका पानावर जाहीर करा. ही सगळी माहिती तुमच्या दप्तरात आजच आहे.